रायणीची पट्टी

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी कुसुमावती तुरीतून पतंग वेचत होती. आदल्या दिवशी गावातल्या घरांच्या धाब्यांवरून कापले गेलेले सगळे पतंग वाऱ्याबरोबर तिच्या शेतात येऊन पडले होते. लाल, जांभळे, शेपटीवाले, बिनशेपटीचे, कुठे शेंड्याला लोंबत होते, कुठे सरीत पालथे पडले होते. मांजा तर झाडाझाडांतून असा गुंतला होता, की कुणी अख्खं शेत शिवायला घेतलंय आणि मध्येच उठून गेलंय असं वाटावं.

"साऱ्या तालुक्याचे पतंग मरायला माझ्याच तुरीत येतात," ती म्हणाली. "जसं काही मी आमंत्रणच दिलंय."

संयोगिता रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, झाडाखाली पुस्तक घेऊन बसली होती. बडोद्याच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती, कारेलीबागेत एका फ्लॅटमध्ये एकटी राहायची, आणि सुट्टी आली की स्कूटर काढून वाघोडियाच्या पुढे आंबलीपुऱ्याला आईकडे यायची. आली की झाडाखाली बसायची. चाळिशी उलटली तरी तिची जागा बदलली नव्हती. बुंध्याच्या दोन मुळांमध्ये एक खोलगट जागा होती, आणि ती इतक्या वर्षांत तिच्या पाठीच्या मापाची झाली होती.

"अगं, डोकं वर कर. मांजा आहे तिथे, गळ्याला लागेल."

"नाही लागत."

"नाही लागत म्हणे. पुस्तकातल्या माणसांना लागत नसेल, तुला लागेल."

कुसुमावती सत्तरीच्या घरात होती. गेलेल्या नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवलेला, पायात पोरांचे असतात तसे कापडी बूट, डोक्याला गमछा. जगतापांच्या घरची ही थोरली सून. जगतापांचे पूर्वज बडोद्याच्या राजाच्या फौजेत घोडेस्वार होते. फौज गेली, घोडे गेले, जमीन राहिली. सासऱ्यांना दोन मुलगे. थोरला मोहनराव नंदेसरीच्या कारखान्यात लागला, धाकटा धनाजीराव बडोद्याला विजेच्या ऑफिसात. मुलगी कमळाबाई लग्न होऊन शहरातच गेली. शेतात राहिली ती एकटी कुसुमावती. सासऱ्यांनी डोळे मिटायच्या आधी सातबारावर तिचं एकटीचं नाव चढवलं. "जी राबते तिचं नाव," म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा त्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे मानाही हलक्या होत्या.

दुपारी ओट्यावर बसून मायलेकींनी ओल्या तुरीच्या दाण्यांच्या कचोऱ्या खाल्ल्या. कुसुमावतीनं आणखी एक लेकीच्या ताटात टाकली आणि हात पुसत म्हणाली, "एक विचारू?"

"विचार ने."

"तुला काय हवंय?"

"कशात?"

"कशातही. ह्या घरात, शेतात. माझ्याकडून."

"मला काही नको, आई."

"जन्मल्यापासून हेच! फ्रॉक कुठला, तर कुठलाही. दुधात साखर घालू का, तर कसंही. स्थळं आली, माझं काही म्हणणं नाही. आणि ज्या एकाबद्दल म्हणणं होतं त्यालाही बोलली नाहीस. बिचारा वाट बघून कॅनडाला गेला."

"आई!"

"मग खोटं आहे का? शेजारचा शनाभाई म्हणतो ते खरं. माग्या वगर मा पण ना पीरसे. न मागता आईसुद्धा वाढत नाही."

"तू तर न मागताच वाढतेस," संयोगिता ताटाकडे बोट दाखवत म्हणाली.

"ते कचोरीचं झालं." कुसुमावती हसली, पण विषय सोडला नाही. "माझ्या माघारी धनाजीभावोजी येतील. माणूस वाईट नाही, पण आवाज मोठा. तू तेव्हा तोंड उघडशील का?"

"काल एवढे पतंग उडवलेस, आणि आज हे काय काढलंस?"

संध्याकाळी स्कूटरच्या हुकाला आईनं ओल्या शेंगांची पिशवी अडकवली. "आजच सोल. उद्यावर टाकशील, मला माहीत आहे तुझं."

"सोलते ग."

तिनं त्या सोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची रेवाबेन, शनाभाईची बायको, ताक मागायला गेली, तेव्हा कुसुमावती ओट्यावर खांबाला टेकून बसलेली होती. पायात एक बूट घातलेला, दुसऱ्याची नाडी हातात. रेवाबेननं दोनदा हाक मारली. मग ती तिथेच तिच्याशेजारी बसून राहिली आणि तिनं नवऱ्याला ओरडून बोलावलं.

कारेलीबागेच्या स्वयंपाकघरात शेंगांची पिशवी पुढे कितीतरी दिवस तशीच होती. शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या, तरी संयोगितानं ती हलवली नाही.

*

तेराव्याचं जेवण आंबलीपुऱ्याच्या घरी झालं. पाहुणे पांगल्यावर ओट्यावर घरचेच उरले. धनाजीरावांनी मिशांना नुकताच कलप लावला होता. दुःखाच्या दिवसांत राहून गेला होता तो. शेजारी त्यांचा मुलगा हार्दिक मोबाईलच्या चार्जरसाठी खटका शोधत होता. कमळाआत्या बटाट्याच्या लिल्या चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि ज्याच्या त्याच्या हातावर मूठभर ठेवत होती. आपल्या दुःखाला खाण्यानं उतार पडतो, हे तिनं कधी लपवलं नव्हतं.

धनाजीरावांनी घसा खाकरला. "वहिनींनी जमीन सांभाळली, नाकारत नाही कुणी. पण नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्यांची. आता वारस म्हणून तुझं नाव लागेल. त्याआधी आपण आपसात ठरवून घेऊ. एक घेणारा आलाय. त्याला गोडाऊन बांधायचंय. कॅनॉलची बाजू बघूनच तयार झाला. तीन हिस्से. तू, मी, कमळा. तू एकटी, नोकरी बडोद्याला, तूर का तू कापणार आहेस? तर बेटा, तुझं काय म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही, काका."

शब्द तोंडातून निघून गेले तेव्हा तिला कळलं, की ते सवयीनं गेले. दाराशी चप्पल काढावी तसे.

"बघ कमळे! म्हटलं नव्हतं तुला? पोरगी सोन्यासारखी आहे." धनाजीरावांचा चेहरा उजळला. आत्यानं चिवड्याची मूठ भरली, पण तोंडात टाकली नाही.

संयोगिताची नजर समोरच्या भिंतीवर गेली. खिळ्यांवर विळे ओळीनं टांगले होते. आईनं संक्रांतीच्या आधीच पाती पाजवून घेतली होती, कडा पांढऱ्या चकाकत होत्या.

"फक्त तूर उभी आहे," ती म्हणाली.

"मजूर लाव ने."

"मजूर कंपन्यांत गेले सगळे. वाळली की शेंगा फुटतील. आणि काका..." ती थांबली. "आईचा नियम आहे ना?"

मग आत्या फिसकन् हसली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. तेराव्याच्या दिवशी हसणं शोभत नव्हतं, पण ते आवरलंही नाही.

नियम सगळ्यांना माहीत होता. जमिनीचं बोलायचं तर हातात विळा घेऊन, शेतात उभं राहून. ओट्यावर नाही. पूर्वी एकदा धनाजीराव वाटणीचं बोलायला आले होते. वहिनींनी काही न बोलता विळा हातात दिला. दोन ओळी कापून होईतो भावोजींची कंबर धरली, आणि ते वाटणी विसरून बाम मागत परत गेले. हा किस्सा दर दिवाळीला घरात व्हायचा. सांगायची कुसुमावती, आणि नक्कल करून दाखवायची कंबरेसकट.

"ठीक छे," धनाजीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात फौजी रक्त जागं झालं होतं. "येत्या रविवारी. तूर कापू, मग सही करू. वहिनींचा नियमही राहील. हार्दिक, तूपण!"

"पपा, मला क्रिकेट आहे रविवारी."

"तूर आहे रविवारी!"

*

रविवारी सगळे आले, हे पाहून संयोगितालाच नवल वाटलं. आत्यानं पायांत मोजे घातले होते आणि मोज्यांवर चपला. हार्दिकनं टोपी, गॉगल आणि क्रिकेटचे हातमोजे आणले होते.

"तुरीला बॅटिंग करायचीय का रे?" आत्या म्हणाली.

"आत्या, फोड येतात म्हणे."

"येऊ देत. लग्नाला दाखवायला होतील."

शनाभाई बारिया शेजारचा शेतकरी. त्याचं शेत लागूनच, त्यातही तूरच. पण त्या दिवशी तो घरदार घेऊन बहिणीकडे लग्नाला गेला होता. विचारायला कुणी नव्हतं, आणि कुणाला विचारायची गरज आहे असंही कुणाला वाटलं नाही. हार्दिकनं मोबाईलवर जमिनीचा सरकारी नकाशा उघडला आणि फोन समोर धरून चालायला लागला. त्याच्या मागे धनाजीराव, त्यांच्या मागे मोजे घातलेली आत्या. वरात निघावी तसे ते तुरीच्या कडेनं फिरले.

"हे बघा, इथून कॅनॉलपर्यंत आपलं. आणि त्या बाजूला..." तो थांबला. फोन वळवून पाहिला. "ताई, रायण आपल्यात नाही."

"कसं नाही?"

"रेघ अलीकडूनच जाते. झाडाची पट्टी शनाभाईच्या नंबरात आहे."

संयोगितानं फोन हातात घेतला. निळा ठिपका रेघेच्या पलीकडे झाडाखाली उभा होता. झाडाखाली म्हणजे ती स्वतः. तिला वाटलं, कुणी तरी खांद्याला धरून आपल्याला उठवलंय, की बाई, ही जागा दुसऱ्याची आहे. अख्खं लहानपण ती इथे बसली. बांध कुठे आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. पानावरून डोळे काढले असते तर पाहिलं असतं.

"जाऊ दे रेघ कुठूनही," धनाजीराव म्हणाले. "झाडाचं काय घेऊन बसलात! कॅनॉलची बाजू आपली आहे ना? तिथूनच सुरू करू. घेणाऱ्यालाही तीच हवीय."

आणि मग ते कापायला लागले.

तुरीचं खोड म्हणजे लाकूडच. विळा नुसता ओढून भागत नाही. डाव्या हातानं झाड वाकवायचं, बुंध्याशी पातं लावायचं आणि मनगटातून हिसका द्यायचा. पहिल्या ओळीला धनाजीरावांनी झाड मुळासकट उपटलं आणि पाठीवर पडले. दुसऱ्या ओळीला वाकले तेव्हा पँट मागून टर्रकन् फाटली. हार्दिक हसून हसून सरीतच बसला.

"हस, हस! तुझ्या वयात मी इथून कॅनॉलपर्यंत..."

"दादा, तुझ्या त्या वयात कॅनॉल नव्हता," आत्या म्हणाली आणि खांद्यावरची ओढणी काढून त्याच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधून दिली. गुलाबी होती, टिकल्यांची. धनाजीराव दिवसभर ती बांधून तूर कापत राहिले.

उन्हं वर आली. वाळलेल्या शेंगांचा चिकट उग्र वास हातांना लागला, मानेवर शेंगांची बारीक कूस चढली, अंग खाजायला लागलं. संयोगिताच्या अंगठ्याखाली फोड आला, फुटला, त्यावर तिनं रुमाल गुंडाळला. आई ज्या हिसक्यानं झाड कापायची तो हिसका सकाळी तिला जमत नव्हता. बारा वाजता एका झाडाला जमला. मग दुसऱ्यालाही. झाड कडाडकन् वाकून तिच्या पायाशी आडवं झालं आणि मागे पुन्हा एकदा तोच आवाज आला असं वाटून तिनं वळून पाहिलं. मागे आत्या पेंढ्या बांधत होती.

"काय ग?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे पोतंभर असतं," आत्या म्हणाली. पेंढीवर गुडघा देऊन तिनं गाठ आवळली. "वहिनी दर वर्षी मला डाळ पाठवायची. घरची, हातानं भरडलेली. मी कधी विचारलं नाही की कुठल्या हिश्शातली. आली, खाल्ली. आता हिस्सा मागायला आले ते मोजे घालून." ती स्वतःच्याच मोज्यांकडे पाहून हसली आणि काढून टाकले. "उकडतंय मेलं."

जेवायला ते रायणीखालीच बसले. झाड कुणाचंही असो, सावली तिथेच होती. भाकरी, वांग्याचा ओळो, म्हणजे भरीत, आणि आत्याचा चिवडा. धनाजीराव आडवे झाले आणि कमरेच्या ओढणीवरच घोरायला लागले. झोपण्याआधी म्हणाले, "मला वाटलं होतं मी विसरलो असेन. हात विसरत नाहीत." तळहात त्यांनी उघडून सगळ्यांना दाखवले. फोडच फोड. शाळेतला मुलगा बक्षीस दाखवतो तसे.

*

कॅनॉलच्या बाजूची पट्टी दुपार कलताना रिकामी झाली. पेंढ्यांच्या रांगा लागल्या. चौघंही मोठ्या अभिमानानं बांधावर उभे राहून बघत होते, तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. लग्नाहून परतलेली माणसं उतरली. शनाभाईच्या डोक्यावर अजून केशरी साफा होता. तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"अल्या, आ शुं?"

"तूर कापली!" धनाजीराव छाती काढून म्हणाले. गुलाबी ओढणी वाऱ्यावर हलली.

"एतो देखाय छे. पण कोनी?"

"कुणाची म्हणजे?"

"आ तो मारी तुवेर छे! माझी तूर!"

शनाभाईनं कापलेल्या पट्टीकडे पाहिलं, पेंढ्यांकडे पाहिलं, हार्दिकच्या हातमोज्यांकडे पाहिलं, धनाजीरावांच्या कमरेकडे पाहिलं. आणि मग तो हसायला लागला. साफा खाली पडला. तो बांधावर बसला, मांडीवर थापा मारायला लागला. मागून रेवाबेन विचारत होती, "शुं थयुं? शुं थयुं?" आणि त्याला सांगता येत नव्हतं.

"म्हणजे आम्ही दिवसभर," हार्दिक म्हणाला, "तुमची मजुरी केली?"

"मफत!" शनाभाई ओरडला. "चा पण नाही पाजला मी!"

धनाजीरावांनी मात्र फोन काढला. "पण हे बघ, नकाशा. ही पट्टी आमच्या नंबरात आहे."

"कागळावर हो." शनाभाईनं डोळे पुसले. तो मराठी बोलायचा, पण स्वतःच्या पद्धतीनं. "कागळावर कॅनॉलवाळी तुमची ने रायणवाळी माझी. पण कुसुमबाने बदल केली ने. बोलीनं. कॅनॉल नवाच आला होता तेव्हा."

"बदल? कुणी पाण्याची जमीन देऊन सावलीची घेतं?"

"मी पण एज बोललो. बा, गांडी झाली का तू, येडी?" तो आता हसत नव्हता. त्यानं संयोगिताकडे पाहिलं. "ही रायण मला तोडायची होती. सावलीत पीक नाही येत. माणसं बोलावली, करवत घेऊन आली सुद्धा. सांजे तुझी आई आली माझ्या घरी. म्हणाली, शनाभाई, झाड राहू दे. म्हटलं, मग मारूं नुकसान? म्हणाली, माझी कॅनॉलवाळी घे, तुझी रायणवाळी दे. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, माझी छोकरी तिथे वाचते."

संयोगिताला करवतीची माणसं आठवली. दहावीचं वर्ष होतं. झाडाखाली माणसं उभी होती, बुंधा दोरीनं मापत होती. ती पुस्तक मिटून घरी आली आणि गोठ्यात गाईच्या गव्हाणीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी माणसं नव्हती. ती परत झाडाखाली गेली. का नाहीत, हे तिनं विचारलं नाही.

"पण मी तर आईला काही म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली.

"एज तर! मी पण विचारलं, छोकरी रडली का? म्हणाली, नाही रे. काही नाही बोलली. म्हणून तर आले."

रायणीच्या शेंड्यात एक पतंग अजून अडकलेला होता, जांभळा. आईचा हात तिथपर्यंत पोचला नव्हता. संयोगिता त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत कूस गेली असावी असं तिनं कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं, पण कुणी विचारलं नाही. आत्यानं नुसता तिचा रुमाल गुंडाळलेला हात आपल्या हातात घेतला.

शनाभाई उठला. साफा झटकून काखेत धरला. "आता कागळ तुमचा छे, धनाजीभाई. कॅनॉलवाळी पट्टी विकाल तर मी आडवा नाही येणार. बोल बानो होता, बा गेली." आणि लगेच, जणू हे बोलणं फार जड झालं म्हणून, तो म्हणाला, "पण हिसाब बाकी छे! तुम्ही माझी कापली, आता मी तुमची कापणार. परमदिवशी, परवाच. आखुं घर आणतो. ने थ्रेशर माझ्या साळ्याचा."

धनाजीरावांनी कमरेच्या ओढणीची गाठ चाचपली. त्यांचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "वहिनींनी," ते म्हणाले, "आम्हाला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विळा टाकून पळालात ने," शनाभाई म्हणाला, आणि हार्दिक पुन्हा सरीत बसला.

*

बारियांचं आखं घर आलं तेव्हा उजाडत होतं. सुना, जावई, म्हातारे, सगळे. त्यांच्या हातांतून तुरी अशा आडव्या व्हायला लागल्या, की हार्दिकनं हातमोजे चुपचाप खिशात घातले. जगतापांपैकी कुणी रजा मंजूर करून घेऊन आलं होतं, कुणी नुसतंच आलं होतं. धनाजीराव या वेळी जुन्या लेंग्यात होते आणि गुलाबी ओढणी त्यांनी आपणहून डोक्याला बांधली होती. रेवाबेन नि आत्या खळ्याच्या कडेला चूल मांडून बसल्या. मोठ्या पातेल्यात सेवउसळीचा रस्सा उकळत होता, आणि आत्या रेवाबेनला, आमच्याकडे त्यात काय काय पडतं, हे सांगत होती, नि रेवाबेन, तुमच्याकडे ते चुकीचं पडतं, हे.

संयोगितानं त्या दिवशी आईनं आपल्या मापाला आटवलेला वडिलांचा शर्ट घातला होता. बाह्या मुडपाव्याही लागल्या नाहीत. तिला वाटायचं आई तिच्यापेक्षा खूप मोठी आहे. शर्ट बरोब्बर बसला.

दुपारी खळ्यावर थ्रेशर सुरू झालं. पेंढ्या तोंडात जायच्या, तुराट्यांचा चुरा एकीकडे उडायचा आणि दुसरीकडे तांबूस दाणे धो धो पडायचे. धुरळ्यानं सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झाले. कोण जगताप, कोण बारिया, दातांवरूनच ओळखायचं. संयोगिता पेंढ्या पुढे देत होती. दाण्यांच्या ढिगात तिनं एकदा कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. ढीग आतून गरम होता.

धनाजीराव तिच्याकडे आले. त्यांच्या एका हातात विळा होता, दुसऱ्यात फोन. "त्याचा फोन येतोय," ते तिच्या कानाशी ओरडले. "गोडाऊनवाल्याचा! संध्याकाळी येऊ का विचारतोय!"

तिनं पेंढी खाली ठेवली.

"मी दोन रात्री झोपलो नाही, बेटा!" यंत्राच्या आवाजात त्यांना एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "वहिनींचा बोल आहे, कळतं मला. पण कागद आहे, तोही कळतो. कमळा म्हणते, संयोगिता म्हणेल तसं. मी पण म्हणतो, तसं. विळा हातात घेतलाय, शेतात उभा आहे. आता तूच सांग! तुझं काही म्हणणं नाही, असं सांगू त्याला?"

पलीकडे आत्या चुलीपाशी उठून उभी राहिली होती. शनाभाई थ्रेशरच्या तोंडाशी पेंढी धरून थांबला होता, आत टाकत नव्हता. रायण तिच्या जागी होती, शेंड्यात जांभळा पतंग होता. संयोगिताच्या जिभेवर तेच जुनं वाक्य आलं, ओळखीचं, गुळगुळीत. तिनं ते गिळलं.

"मला हवी आहे," ती म्हणाली.

"काय?" धनाजीरावांनी कानाशी हात नेला.

"मला हवी आहे!"

"ऐकू येत नाही, बेटा! जोरात!"

मग तिनं तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला, आई पाखरं हाकायला करायची तसा, आणि ओरडली. आवाज आधी फाटला, मग मोकळा झाला. चुलीपाशी रेवाबेन दचकली, कॅनॉलवर पाणी पिणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या.

"हवी आहे! मला ही जमीन हवी आहे, काका! तुमचं नाव लावा, आत्याचं लावा, पण विकायची नाही! कॅनॉलची शनाभाईंची! रायणीची माझी! ऐकलंत? मला हवी आहे!"